एसएसबीवर आवाज परत परत फाटतोय? ट्रान्झिस्टर बदलण्याआधी ॲम्प्लिफायर कुठल्या क्लासमध्ये चाललाय ते बघा

हॅम रेडिओवर एसएसबीत (सिंगल साइडबँड, म्हणजे कॅरिअर आणि एक बाजू काढून टाकून आवाज पाठवायची पद्धत) बोलणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. तक्रार साधारण अशी असते: रिग (ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचा सेट) एकटी चालवली की समोरचा म्हणतो ऑडिओ मस्त, पुढे ॲम्प्लिफायर जोडला की तोच माणूस म्हणतो शब्द तुटतायत, आवाज फाटतोय, आणि चार-पाच किलोहर्ट्झ बाजूला बसलेला तिसराच कोणीतरी येऊन ओरडतो की तुमचा कचरा माझ्याकडे सांडतोय. मग माइक बदलला जातो, केबलवर फेराइट चढवले जातात, फायनल्स (शेवटच्या पॉवर स्टेजचे ट्रान्झिस्टर) बदलल्या जातात, थोडे दिवस बरं वाटतं आणि परत तेच सुरू. बहुतेक वेळा पार्ट खराब नसतोच. ॲम्प्लिफायर ज्या क्लासमध्ये (सायकलचा किती भाग ट्रान्झिस्टर चालू असतो त्यावरून ए, बी, एबी, सी असे क्लास पडतात) चालायला हवा त्यात तो चालत नसतो, एकतर मुळातच चुकीचा घेतलेला असतो, नाहीतर बरोबर घेऊनही बायस (सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरला जागं ठेवणारं स्थिर व्होल्टेज) आणि ड्राइव्हच्या (आत दिलेल्या सिग्नलच्या जोराच्या) गडबडीत त्याला भलत्याच क्लासमध्ये ढकललेलं असतं.

सगळ्यात आधी एक टेस्ट करा, स्कोप वगैरे काही लागत नाही. आउटपुटला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, मोड यूएसबी किंवा एलएसबी (एसएसबीची वरची किंवा खालची बाजू) ठेवा, माइक गेन शून्यावर आणा, ॲम्प्लिफायरच्या डीसी सप्लायमध्ये ॲमीटर घाला, आणि पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून गप्प बसा. (ॲम्प्लिफायर नुसत्या आरएफवर रिले ओढणारा असेल तर तो गप्प बसल्यावर ओढणारच नाही, त्याची पीटीटी लाइन हाताने ग्राउंड करा.) आता मीटर बघा. रिले आणि पंख्याचा करंट सोडून बाकी काहीच करंट नसेल तर फायनल झोपलेली आहे, म्हणजे तो क्लास सी किंवा शून्य बायसचा बी आहे आणि एसएसबीवर त्याच्याकडून चांगल्या आवाजाची अपेक्षा करू नका. थोडा स्थिर करंट दिसला आणि बोलल्यावर तो वर जाऊन परत खाली आला तर क्लास एबी. भरपूर करंट दिसला आणि बोललं तरी काटा जागचा हलला नाही तर क्लास ए. क्लास ए म्हणून घेतलेल्या ॲम्प्लिफायरचा काटा बोलताना हलायला लागला तर तो त्या क्षणी क्लास ए राहिलेला नाही, ड्राइव्ह जास्त झालाय इतकं समजायचं. व्हॉल्व्हवाल्यांनी (व्हॅक्यूम ट्यूबवाल्यांनी) हे जसंच्या तसं धरू नका, त्यांचं खाली वेगळं लिहिलंय.

आता क्लास सी का नको, कारण "एफिशियन्सी तर त्याचीच चांगली" हे वाक्य दर वेळी येतंच. क्लास सीमध्ये ट्रान्झिस्टर सायकलच्या अर्ध्यापेक्षा कमी वेळ चालू असतो, 180 अंशांच्या आत. इनपुट एका ठराविक पातळीच्या वर गेलं तरच तो उठतो, त्याखालचं त्याला दिसतच नाही. एफएमला याचा काही त्रास नाही, कारण तिथे सिग्नलची उंची (ॲम्प्लिट्यूड) कायम सारखी असते, सगळी माहिती फ्रिक्वेन्सीत असते, आणि आउटपुटचा टँक सर्किट (कॉइल आणि कपॅसिटरची जोडी) साइन वेव्ह परत गोल करून देतो. सीडब्ल्यूला (मोर्सला) पण चालतं, कॅरिअर आहे किंवा नाही एवढाच प्रश्न असतो. जुन्या एएम ट्रान्समीटरमध्ये फायनल क्लास सी असायची पण तिथे मॉड्युलेशन त्या फायनललाच दिलेलं असायचं, सप्लायमध्ये. आधीच मॉड्युलेट झालेला एएम सिग्नल क्लास सीमधून वाढवायला गेलात तर तोही बिघडतोच. एसएसबीत कॅरिअर नाही, सिग्नलची उंची दर अक्षराला बदलते, फेज बदलते, आणि हे दोन्ही जसंच्या तसं मोठं होऊन बाहेर पडायला हवं. क्लास सीतून गेल्यावर शब्दाची शेवटची हळू पडणारी अक्षरं, स आणि श सारखे हलके आवाज गायब होतात आणि फक्त जोरात बोललेली स्वरांची टोकं बाहेर पडतात. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस तुटक तुटक खेकसतोय. गंमत म्हणजे वॅटमीटर तेव्हाही छान हलत असतो, म्हणून मालकाला पटतच नाही.

आणि नुसता ऑडिओ खराब झाला असता तर एक वेळ ठीक, तुमचा तुमच्यापुरता प्रश्न. पण उंचीशी खेळ झाला की नवीन फ्रिक्वेन्सी तयार होतात. समजा तुम्ही 14.200 मेगाहर्ट्झवर यूएसबीत 700 आणि 1900 हर्ट्झचे दोन टोन एकदम पाठवले. ॲम्प्लिफायर सरळ असेल तर हवेत 14.2007 आणि 14.2019 एवढंच दिसायला हवं. सरळ नसेल तर एका टोनच्या दुपटीतून दुसरा वजा होऊन तिसऱ्या ऑर्डरची पिल्लं निघतात, एक 14.2031 ला आणि दुसरं 14.1995 ला, म्हणजे काढून टाकलेल्या कॅरिअरच्या जागेच्याही खाली, जिथे यूएसबीत तुमचं काही असायलाच नको. पाचव्या ऑर्डरची 14.2043 आणि 14.1983 ला. हे फक्त दोन टोनचं झालं, बोलताना डझनावारी टोन एकाच वेळी असतात, त्यामुळे सुटी सुटी पिल्लं न दिसता दोन्ही बाजूंना पसरलेला चिखल दिसतो.

इथे एक गैरसमज हमखास असतो की आउटपुटला लो पास फिल्टर लावलाय ना मग झालं. फिल्टर 28.4 आणि 42.6 मेगाहर्ट्झचे हार्मोनिक्स (पटीतल्या फ्रिक्वेन्सी) अडवतो, ते त्याचं काम. 14.2031 त्याला 14.2019 पासून वेगळं दिसतच नाही, ते सरळ अँटेनावर जातं. पुश-पुल सर्किटचंही (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने ओढतात ते) तसंच, त्यात दुसऱ्या, चौथ्या अशा सम ऑर्डरची भानगड बऱ्यापैकी कटते पण तिसरी आणि पाचवी तशीच राहते. म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आत जे बिघडलं ते बाहेर फिल्टर लावून निस्तरता येत नाही.

मग क्लास कुठला घ्यायचा? सरळ सांगायचं तर पॉवर स्टेजला एबी, त्याआधीच्या छोट्या स्टेजना ए. एवढ्यावर थांबलं तरी दहातल्या नऊ जणांचं काम होतं, तरी कारण बघा. क्लास एची एफिशियन्सी कागदावर जास्तीत जास्त 50 टक्के, तीही कलेक्टर किंवा ड्रेनला (ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या पायाला) चोक किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर, रेझिस्टर लोड असेल तर 25. आणि ही 50 फक्त पूर्ण पॉवरला, गप्प बसलात की तोच करंट सगळा हीटसिंकमध्ये जातो. 100 वॅट पीईपी (बोलण्याच्या टोकाला येणारी पॉवर) क्लास एमध्ये काढायचे तर हिशोबाने निदान 200 वॅट डीसी सतत जळायला हवेत आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. म्हणून अर्धा-एक वॅटपर्यंतच्या स्टेजना क्लास ए मस्त, त्यापुढे हीटसिंक आणि पंख्यांचंच प्रोजेक्ट होऊन बसतं. क्लास बीची कागदावरची हद्द 78.5 टक्के, पण दोन ट्रान्झिस्टरपैकी एकाने सोडलं आणि दुसऱ्याने धरलं या सांध्यात दोघंही क्षणभर अर्धवट झोपेत असतात, तिथे हळू आवाज बिघडतो. एबी म्हणजे दोघांना थोडं थोडं जागं ठेवायचं, सांधा गुळगुळीत होतो आणि बिल फार वाढत नाही. पूर्ण पॉवरला 50 ते 65 टक्के मिळाले तरी उत्तम. हा आकडा सुद्धा फक्त टोकाचा बरं का, बी आणि एबीत सिग्नल अर्ध्या उंचीला आला की एफिशियन्सी पण जवळजवळ निम्मी होते, आणि बोलताना आपण बहुतेक वेळ टोकाच्या खूप खालीच असतो. त्यामुळे डेटाशीटवर 60 टक्के बघून हीटसिंक काढू नका.

बरं, एबी घेतला म्हणून सुटलो असं नाही, आणि परत परत येणारी तक्रार खरी इथेच आहे. एबी ही ॲम्प्लिफायरवर कायमची छापलेली गोष्ट नाही. तोच डबा बायस कमी पडला की खालच्या बाजूने सीसारखा वागतो, आणि ड्राइव्ह जास्त झाला की वरच्या बाजूने डोकं चपटं करतो. त्यामुळे आवाज हळू बोलताना बिघडतो की जोरात बोलताना, हे समोरच्याला आधी विचारा, त्यावर अर्धं निदान होतं. हळू बोलताना तुटत असेल तर बायसकडे जा. जोरात बोलताना फाटत असेल तर ड्राइव्ह, सप्लाय आणि लोड बघा. सुरुवातीला बरा आणि मग बिघडत जात असेल तर तापमान.

बायसचं बघू. आयआरएफ510 सारखा स्वस्त मॉस्फेट (गेट या पायावरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर) घरी बनवलेल्या कमी पॉवरच्या सेटमध्ये सगळीकडे दिसतो, त्याच्या डेटाशीटमध्ये गेट थ्रेशोल्ड 2 ते 4 व्होल्ट दिलाय. म्हणजे एकाच पट्टीतले दोन नग घेतले तरी एकाला अडीच व्होल्टला जाग येईल आणि दुसरा साडेतीनलाही घोरत असेल. त्यामुळे "माझ्या मित्राने 3.2 व्होल्ट ठेवले म्हणून मी पण ठेवले" याला काही अर्थ नाही, व्होल्टेज बघायचंच नाही, ड्रेन करंट बघायचा. आणि फायनल बदलली की बायस परत सेट करायचाच, नवीन नग जुन्या प्रीसेटवर चालवला म्हणूनच कितीतरी जणांना "बदलूनही तेच" असा अनुभव येतो.

पद्धत अशी. डमी लोड जोडलेला, ड्राइव्ह अजिबात नाही, सगळे बायस प्रीसेट (बायस कमी-जास्त करायचे छोटे रेझिस्टर) कमीत कमीवर, सप्लायला करंट लिमिट असेल तर ती खाली ओढलेली, नसेल तर छोटा फ्यूज. पीटीटी द्या. एक प्रीसेट अगदी सावकाश वाढवा, बराच वेळ काहीच होत नाही आणि मग थ्रेशोल्ड आला की करंट एकदम उसळतो, घाई केली तर इथेच नग जातो. आयआरएफ510 ला दर नगाला 100 मिलिॲम्पच्या आसपास ठेवायची रीत आहे, बाकीच्यांना त्यांच्या डेटाशीटमध्ये लिनिअर (उंची न बिघडवता सरळ वाढवायच्या) कामासाठी जो आयडल करंट (ड्राइव्ह नसतानाचा करंट) दिलाय तो. मग पुश-पुलमधला दुसरा नग, त्याचा तेवढाच करंट वरून वाढवायचा. दोघांना एकच प्रीसेट दिलेली सर्किट्स दिसतात, नग जुळवून घेतलेले नसतील तर मला ती पटत नाहीत, एक जण सगळं ओझं ओढतो आणि दुसरा नावापुरता. बायस जास्त म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, एका मर्यादेनंतर आयएमडी (वर सांगितलेल्या पिल्लांचं प्रमाण) सुधारायचा थांबतो आणि उष्णता मात्र वाढत जाते, काही नगांमध्ये तर करंट वाढवल्यावर तिसरी ऑर्डर परत थोडी बिघडताना दिसते.

प्रीसेट मल्टिटर्न घ्या. आणि गेटपासून ग्राउंडला एक रेझिस्टर असू द्या, म्हणजे प्रीसेटचा वायपर कधी सुटला तर बायस शून्यावर येईल, पूर्ण व्होल्टेजवर जाणार नाही. वायपर गंजला की काय होतं तर कधी बायस असतो कधी नसतो, म्हणजे ॲम्प्लिफायर कधी एबी कधी सी, आणि तक्रार अशी येते की "सकाळी चांगला होता". पीटीटीबरोबर बायस चालू-बंद करणारा छोटा ट्रान्झिस्टर किंवा रिले कॉन्टॅक्ट पण हाच खेळ करतो. रिसीव्हमध्ये बायस बंद ठेवावाच लागतो, नाहीतर फायनलचा सुसाट आवाज रिसीव्हरमध्ये घुसतो, त्यामुळे ही स्विचिंग टाळता येत नाही, फक्त तक्रार आली की मीटर गेटवर ठेवून पीटीटी दहा-वीस वेळा दाबून बघा, दर वेळी तेच व्होल्टेज यायला हवं.

तापमानाचं म्हणाल तर बायपोलर ट्रान्झिस्टरला दर अंश सेल्सिअसला बेस-एमिटर व्होल्टेज साधारण 2 मिलिव्होल्टने कमी लागतं, म्हणजे बायस तोच ठेवला तर गरम झाल्यावर करंट वाढतो, करंट वाढला की अजून गरम, आणि हे चक्र थांबवलं नाही तर शेवटी धूर. म्हणून बायसचा डायोड हीटसिंकला, शक्य तर ट्रान्झिस्टरच्याच अंगाला चिकटवलेला असायला हवा, बोर्डवर कुठेतरी लांब नाही. मॉस्फेटला हे होत नाही असं ठासून सांगणारे भेटतात. मोठ्या करंटला ते खरं आहे, पण आपण आयडलला जिथे बसतो तिथे थ्रेशोल्ड तापमानाबरोबर खाली येतो आणि करंट वाढतोच. थंड असताना 100 मिलिॲम्प ठेवलेला अर्धा तास गप्पा मारल्यावर किती झालाय ते बघा, पुष्कळ वाढला असेल तर थर्मिस्टर किंवा डायोड लावून बायसला तापमानामागे चालवा. तो वाढेल म्हणून आधीच कमी ठेवायचा हा उपाय नाही, तसं केलं की थंड असताना पहिली दहा मिनिटं तुम्ही तुटक बोलणार. आयआरएफ510 चा टॅब ड्रेनला जोडलेला असतो हे पण लक्षात असू द्या, मधे मायका किंवा सिलिकॉन पॅड हवाच, आणि तो फाटलाय की काय हे मीटरने तपासूनच सप्लाय द्या.

आता जोरात बोलताना फाटणारे. यांच्यातल्या बहुतेकांचा शत्रू वॅटमीटर आहे. साधा मीटर सरासरी दाखवतो आणि बोलण्याची सरासरी टोकापेक्षा फारच खाली असते. दोन सारख्या टोनचा 100 वॅट पीईपी सिग्नल घेतला तर त्याची खरी सरासरी पॉवर 50 वॅट, आणि आपला नेहमीचा डायोडवाला मीटर, जो व्होल्टेजची सरासरी काढून स्केलवर वॅट दाखवतो, तो साधारण 40 दाखवेल. बोलताना तर 20-25 वर काटा नाचतो. मग माणसाला वाटतं 100 वॅटचा ॲम्प्लिफायर 25 च देतोय, आणि तो माइक गेन आणि स्पीच प्रोसेसर वाढवत जातो जोपर्यंत काटा 80-90 ला लागत नाही. तोपर्यंत वरची टोकं पार कापली गेलेली असतात. पीईपी दाखवणारा मीटर घ्या, नसेल तर काट्याकडे दुर्लक्ष करा. 100 ऐवजी 50 वॅट पाठवले तर समोरच्याला 3 डीबीचा फरक, म्हणजे अर्धा एस युनिट (रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवरचं माप), त्याच्या ते लक्षातही येत नाही. उलट साधारण नियम असा की सिग्नल 1 डीबीने खाली आणला की तिसऱ्या ऑर्डरचा कचरा 3 डीबीने खाली जातो, म्हणजे तुमच्या सिग्नलच्या तुलनेत 2 डीबीचा फायदा. एबीत अगदी खालच्या पातळीवर हा नियम पाळला जात नाही कारण तिथे सांध्याचा बिघाड राज्य करतो, पण वरच्या टोकाला तो चांगलाच लागू होतो, चपटेपणाच्या हद्दीपासून थोडं जरी मागे आलात तरी खूप फरक पडतो.

एएलसीला (ड्राइव्ह जास्त झाला की आपोआप आवरणारं सर्किट) इथे ब्रेक समजून त्यावर रेलू नका. एएलसी उशिरा जागा होतो, पहिल्या अक्षराचं टोक त्याच्या आधीच निघून गेलेलं असतं, आणि काही रिग पॉवर 30 वॅटवर ठेवली तरी पीटीटी दिल्याबरोबर क्षणभर पूर्ण 100 चा झटका देतात. मागचा ॲम्प्लिफायर 30 वॅट ड्राइव्हचा असेल तर तो झटका त्याच्या फायनल्स खातो, आणि मग "माझे ट्रान्झिस्टर दर महिन्याला का जातात" असा प्रश्न येतो. अशा वेळी मध्ये योग्य वॅटेजचा ॲटेन्युएटर पॅड लावा, आणि माइक गेन असा ठेवा की एएलसीचा काटा फक्त जोरदार अक्षराला जेमतेम हलेल.

सप्लाय पण बघाच, खास करून 13.8 व्होल्टवाल्यांनी. दिलेल्या लोडला किती पॉवर स्वच्छ निघेल हे सप्लाय व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं. 20 ॲम्प ओढताना वायर, फ्यूज होल्डर आणि कनेक्टर मिळून 0.1 ओहम जरी असले तरी 2 व्होल्ट तिथेच गेले, फायनलला 11.8 मिळाले, आणि स्वच्छ पॉवरची हद्द साधारण 27 टक्क्यांनी खाली आली. तुम्ही मात्र 100 वॅटच्या हिशोबाने ड्राइव्ह देताय. आणि बायसचं व्होल्टेज त्याच पडणाऱ्या सप्लायवरून रेग्युलेटरशिवाय घेतलं असेल तर प्रत्येक जोरदार शब्दाला बायस पण खाली जातो, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. मीटर सप्लायच्या टर्मिनलला न लावता थेट ॲम्प्लिफायरच्या बोर्डवर लावा आणि बोलताना बघा. लोडचंही तसंच, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलाय त्याचं माप) खराब असेल तर ट्रान्झिस्टरला दिसणारा रेझिस्टन्स बदलतो, जास्त झाला तर व्होल्टेज लवकर आपटतं, कमी झाला तर करंट. डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर घाण असेल तर आधी एसडब्ल्यूआर, आणि तो ठीक असेल तर आरएफ माइकच्या वायरमधून परत आत शिरतोय का ते बघा, तेव्हा फेराइटचा उपयोग आहे.

स्कोप असेल तर अंदाज कशाला लावायचा. 700 आणि 1900 हर्ट्झचे सारख्या उंचीचे दोन टोन द्या, आउटपुटला डमी लोड, आणि तिथलं थोडं सिग्नल स्कोपवर. एकापाठोपाठ गोल फुगे दिसतात. फुग्यांची डोकी चपटी असतील तर ड्राइव्ह जास्त किंवा सप्लाय कमी. दोन फुगे जिथे भेटतात तिथे स्वच्छ फुली दिसायला हवी, तिथे सपाट रेघ दिसली तर बायस कमी. इतकं सोपं आहे. फक्त डोळ्याला दिसण्याइतका बिघाड म्हणजे बराच बिघाड, नाजूक मोजायचं तर स्पेक्ट्रम बघावा लागतो. तिथे आकड्यांची तुलना करताना एक सांभाळा, कोणी आयएमडी पीईपीच्या तुलनेत सांगतो, कोणी एका टोनच्या तुलनेत, आणि दोघांत 6 डीबीचा फरक असतो, त्यामुळे एकाचा उणे 30 आणि दुसऱ्याचा उणे 36 हा एकच ॲम्प्लिफायर असू शकतो. 12 व्होल्टच्या रिगमध्ये पीईपीच्या खाली 25 ते 30 डीबी सर्रास दिसतं, 50 व्होल्टचे एलडीमॉस (पॉवर मॉस्फेटचा एक प्रकार) नीट चालवले तर त्याहून बरे. आणि रिगच उणे 25 देत असेल तर पुढचा कितीही महागडा क्लास ए लावा, त्याच्यातून उणे 25 च येणार.

व्हॉल्व्हवाल्यांसाठी. 4सीएक्स250बी सारखा टेट्रोड एबी1 मध्ये (एबीचाच, ग्रिड करंट न ओढणारा प्रकार) चालवताना ग्रिड करंट शून्य राहायला हवा, काटा हलला की हद्द ओलांडली, इतका स्वस्त आणि खरा इंडिकेटर ट्रान्झिस्टरवाल्यांना मिळत नाही. स्क्रीनचा सप्लाय मात्र रेग्युलेटेडच हवा. 811ए सारखे ट्रायोड शून्य बायसवर क्लास बीत चालण्यासाठीच बनलेत, आणि शून्य बायसलाही त्यांच्यात थोडा आयडल करंट असतो, तिथे "शून्य बायस म्हणजे क्लास सी" हा ट्रान्झिस्टरचा नियम लावू नका. 3-500झेड ग्राउंडेड ग्रिडमध्ये लावला की थोडा निगेटिव्ह फीडबॅक आपोआप मिळतो. परत परत दिसणारी चूक ट्यूनिंगची आहे, कमी ड्राइव्हवर ट्यून आणि लोड करायचं आणि मग बोलताना पूर्ण ड्राइव्ह द्यायचा. लोडिंग त्या छोट्या पॉवरला जुळलेलं असतं, पूर्ण ड्राइव्हला प्लेटचं व्होल्टेज लवकर तळाला लागतं आणि टोकं कापली जातात. ज्या पीईपीवर बोलायचंय त्याच ड्राइव्हवर, छोट्या छोट्या झटक्यांत, लोडिंग जुळवा आणि किंचित जड ठेवा.

तयार डब्यांबद्दल. पुढच्या पट्टीवर लिनिअर लिहिलंय म्हणून आत बायस असेलच असं नाही, झाकण उघडा आणि बायसचं सर्किट शोधा. व्हीएचएफच्या डब्यांवर एफएम आणि एसएसबी असा स्विच असतो, चांगल्या डब्यात एसएसबीला बायस चालू होतो आणि रिले सोडायला थोडा उशीर लावला जातो म्हणजे दोन शब्दांमध्ये तो टकटक करत नाही. काही डब्यांत त्या स्विचने फक्त रिलेचा उशीरच वाढतो, बायस कुठेच नसतो. वरची ॲमीटरची टेस्ट इथे एका मिनिटात पोल खोलते. रिले प्रत्येक शब्दाला टकटक करत असेल तर तो तुटकपणा क्लासचा नाही, पीटीटी वायर वेगळी द्या.

क्लास डी आणि ई बद्दल विचारणारे पण वाढलेत. तिथे ट्रान्झिस्टर नुसता स्विच आहे, इनपुटची उंची तो मानतच नाही, त्यामुळे एसएसबी सरळ त्याच्या गेटला देऊन उपयोग नाही. लिओनार्ड काह्न यांनी 1952 मध्ये मांडलेली पद्धत वापरतात, सिग्नलची उंची वेगळी काढायची, फेजवाला भाग स्विचिंग फायनलला द्यायचा आणि उंची सप्लाय व्होल्टेजमधून परत चढवायची. चालतं, पण दोन्ही वाटांना लागणारा वेळ जुळला नाही तर कचरा परत येतो, पहिल्या प्रोजेक्टला मी सुचवणार नाही. एफटी8 (कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायचा डिजिटल मोड) ची गोष्ट निराळी, त्याची उंची जवळपास सारखीच असते, म्हणून थेट फ्रिक्वेन्सी हलवून बनवलेला एफटी8 क्लास ईतून आरामात जातो. फक्त 15 सेकंदांच्या फेरीत 12.64 सेकंद पूर्ण पॉवर असते, बोलण्यासाठी पुरणारा हीटसिंक तिथे पुरत नाही. पीएसके31 (टाइप करून बोलायचा डिजिटल मोड) ची उंची बदलते, त्याला लिनिअरच हवा.

एसडीआरवाल्यांकडे (सॉफ्टवेअरवर चालणारी रिग वापरणाऱ्यांकडे) प्रीडिस्टॉर्शन असतं, प्युअरसिग्नल वगैरे, आउटपुटचं सॅम्पल घेऊन उलटा बिघाड आधीच घालतात. एबीवर फरक खरोखर थक्क करणारा पडतो. पण चपटं झालेलं टोक त्याला परत आणता येत नाही, कारण तिथे द्यायला पॉवरच उरलेली नसते, आणि बायस नसलेल्या फायनलच्या झोपेतही ते फारसं काही करू शकत नाही. म्हणजे आधी बायस आणि ड्राइव्ह ठीक करा, मग ते चालू करा.

आणि सगळं तपासून झालं, फुगे गोल, फुली स्वच्छ, करंट स्थिर, तरी एकच जण सांडतंय म्हणत असेल तर त्याला त्याचा प्रीॲम्प आणि नॉइज ब्लँकर (झटक्यांचा गोंगाट दाबणारं सर्किट) बंद करायला सांगा, जवळचा जोरदार सिग्नल आला की ब्लँकर स्वतःच असा चिखल बनवतो. मग 10 डीबीचा ॲटेन्युएटर टाकायला सांगा. तुमचा कचरा खरा असेल तर तोही 10 डीबीनेच खाली जाईल. त्याहून बराच जास्त पडला तर तो त्याच्या रिसीव्हरमध्ये तयार होतोय, तुमच्या ॲम्प्लिफायरचं झाकण परत लावून टाका.